निरोप समारंभातली नक्कल

आमच्या ह्यांना नकला करायची भारी हौस. कारखान्यात कुणीही रिटायर झालं की निरोपाच्या भाषणाला ह्यांचंच नाव पुढे. त्या माणसाची चाल, त्याचं खोकणं, साहेबासमोर मान डोलावणं, सगळं हुबेहूब करायचे आणि हॉल हसून हसून लोळायचा. घरी मात्र तोच विनोद मला पुन्हापुन्हा ऐकावा लागे, त्याचा हार कुणी माझ्या गळ्यात घातला नाही!

ह्यांचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या क्वार्टरमधले भाऊजी. मूळचे इंदूरचे, स्वभावाने अगदी गरीब. काहीही विचारा, आधी चष्मा काढणार, शर्टाच्या टोकाने पुसणार, परत घालणार आणि मग म्हणणार, "तसं पाहिलं तर..." चहा हवा की नको हे सांगायलासुद्धा एवढा सोपस्कार. कॉलनीच्या गणपतीत, कुणाच्या लग्नात, बड्या तलावावरच्या सहलीत, जिथे चार माणसं जमतील तिथे आमचे हे तो चष्मा पुसून दाखवायचे. भाऊजीही हसायचे. बेताचं, खाली बघून. त्यांनाही मजा येते असं आपलं आम्ही धरून चाललो होतो.

भाऊजी रिटायर व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आल्या. मी ओट्यावर गहू निवडत होते. त्याही ताट पुढ्यात ओढून खडे वेचायला लागल्या. वेचता वेचता म्हणाल्या, "ताई, एक सांगू? आमच्या मुलीच्या सासरचे उद्या समारंभाला येतायत, उज्जैनहून. नवीन सोयरीक, आमच्या ह्यांच्या कारखान्यात पहिल्यांदाच येणार. तुमच्या ह्यांना म्हणावं, उद्याचा एक दिवस चष्म्याची नक्कल नको."

"त्यांनी सांगायला पाठवलं का तुम्हाला?"

"छे हो! ते कशाला बोलतायत. पण कुठे नक्कल झाली ना, की पुढचे दोन दिवस चष्माच पुसत नाहीत. तसाच मळकट लावून पेपर वाचतात."

हसणाऱ्या माणसाला लागत नाही, असं आपण किती सोयीस्कर ठरवून टाकतो!

संध्याकाळी भोंगा झाला, हे घरी आले. चहाचा कप हातात देतानाच सांगून टाकलं.

"काहीतरीच! अगं, तो स्वतः हसतो की!"

"मग काय चारचौघांत रडेल?"

ह्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "पण मग मी उद्या बोलू काय? नकलेशिवाय मला येतं तरी काय?" खरं सांगते, मला तेव्हा त्यांचीच कीव आली.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला. व्याही-विहीणबाई पहिल्या रांगेत. ह्यांचं नाव पुकारलं मात्र, मागून ओरडा सुरू झाला, "चश्मा! चश्मा हो जाए, साहब!" समोर वहिनी पदराचं टोक पिळत बसलेल्या. हे उभे राहिले, घसा खाकरला, आणि सज्जन माणूस, मेहनती माणूस, कधी कुणाला दुखावलं नाही, असं शाळेतल्या मुलासारखं पाठ म्हणून खाली बसले. भाषण साफ पडलं. लोकांचा विरस झाला. मला मात्र ह्यांचा इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता.

मग भाऊजी उत्तराला उठले. हार सांभाळत चष्मा काढला, पुसला, परत घातला. हॉलभर खसखस पिकली. आणि मग अचानक त्यांनी एक हात कमरेवर ठेवला, मान तिरकी केली, एक फालतू विनोद सांगितला आणि स्वतःच आधी खो खो हसले. मग सगळीकडे नजर फिरवून कोण हसलं नाही ते हेरलं, मोठ्याने विचारलं, "समझे? समझे कि नहीं?" आणि तोच विनोद पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. अगदी आमचे हे! अहो, लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. व्याही डोळे पुसत होते, वहिनींनी तोंडाला पदर लावला होता. मीही हसत सुटले. हसता हसता ह्यांच्याकडे पाहिलं.

हेही हसत होते. बेताचं, खाली बघून.

संध्याकाळी ऑफिसच्या जीपमधून भाऊजींना वाजतगाजत घरी सोडलं. पाहुणे फराळाला बसले तसे ते हातात पेढ्यांचा पुडा घेऊन रस्ता ओलांडून आमच्याकडे आले. गळ्यात हार तसाच. आत या म्हटलं तरी दारातच उभे राहिले आणि ह्यांना म्हणाले, "राग तर नाही ना आला?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारायला आमच्या घरातून कुणी तो रस्ता ओलांडला नव्हता.

हे "छे, छे" म्हणायला गेले आणि थांबले. म्हणाले, "आला. थोडासा."

भाऊजींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.

"तसं पाहिलं तर," ते म्हणाले, "मलाही थोडासाच यायचा."