बाबारावांनी चष्मा खिशात ठेवला

गांधीबागेच्या कापडबाजारात साडीच्या ठोक दुकानात मालकाला कोणी फारसं विचारत नाही. विचारतात ते लोडाशेजारी बसणाऱ्या माणसाला. पांढरीशुभ्र चादर अंथरलेली लांबच लांब गादी असते. तालुक्याच्या गावचा दुकानदार खाली चपला काढून वर चढतो, मांडी घालून बसतो आणि लोडाशेजारचा माणूस त्याच्यापुढे एकामागून एक साड्या उलगडत जातो. कोणत्या गावात काय खपेल तेही तोच सांगतो. पार्टी, म्हणजे तो दुकानदार, मान डोलावते आणि चहा पिऊन जाते. अशा एका दुकानात सदतीस वर्षं ती जागा बाबारावांची होती.

आणि माणूस खरंच तयारीचा होता, खोटं कशाला बोलायचं. रामटेकला काठ रुंद पाहिजे. उमरेडला छापील चालते. भिवापूरला फिक्या रंगाकडे बाया ढुंकूनही बघत नाहीत, कारण दिवसभर मिरचीचे देठ खुडायचे म्हणजे अंगभर लाल धूळ, आणि मरून रंगावर ती दिसत नाही. यातलं काहीच त्यांनी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. माल पसंत नसला की तोंडाने ते चकार शब्द काढत नसत, नुसता चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागत. जुन्या पार्ट्यांना हे पाठ होतं. चष्मा निघाला की साडी आपोआप बाजूला सरकायची.

जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागेल, सांधाच बदलायचा आहे. मार्चची तारीख मिळाली. दोन-तीन महिने आराम, आणि त्यानंतर मांडी घालून बसायचं नाव काढायचं नाही. बाबाराव हो म्हणून बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखण्याचं काही नाही हो, दुखणं चार वर्षं सोसलंच होतं. पण मांडी गेली म्हणजे गादी गेली, हे त्यांना डॉक्टरांपेक्षा आधी कळलं.

मालक जितेंद्रशेठ वयाने लहान, शांत स्वभावाचे. ते म्हणाले, "काका, तुमच्या जागेवर कोणालेतरी तयार करा. दोन महिने आहेत आपल्यापाशी."

"मयुरा आहे ना," बाबाराव म्हणाले. हे नाव त्यांनी स्वतः घेतलं, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. मयुरा चार वर्षं आत स्टॉकमध्ये होती. कोणता लॉट कोणत्या फळीवर हे तिला झोपेतून उठवून विचारा. फोनवर फोटो पाठवून ऑर्डरी घ्यायचं काम तिनेच सुरू केलं होतं. लोडाशेजारी बाई बसलेली मात्र त्या दुकानात कोणी पाहिली नव्हती.

"बसवा तिले," शेठ म्हणाले. "पण मार्चपर्यंत नाही जमलं, तर मी बाहेरून माणूस आणीन. लग्नसराई आहे समोर."

मयुराला हे माहीत होतं. घरी आईला तिने सांगूनही टाकलं होतं, की आता आपण गादीवर.

आता गंमत अशी, की बाबारावांनी जागा दिली, पण हात-दीड हातच. मयुरा लोडाशेजारी, आणि बाबाराव तिच्या मागे भिंतीला पाठ लावून. मयुरा साडी उलगडायची, पार्टी साडीकडे बघायचीच नाही, तिच्या खांद्यावरून मागे बघायची. चष्मा नाकावर आहे का? आहे ना, मग ठेवा. निघाला? मग राहू द्या. बाबारावांना वाटायचं, आपण एक अक्षर बोलत नाही, पोरीला पूर्ण मोकळीक दिली आहे. संध्याकाळी ते कौशल्याकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अभिमानाने सांगायचेही, "म्या तिच्यावर सोडून देल्लं सगळं."

काकू पोळ्या लाटत हं म्हणायच्या.

फेब्रुवारीत भिवापूरच्या मनोहररावांची फोनवर ऑर्डर आली. जुनी पार्टी. मयुराने साठ साड्या काढल्या, साठच्या साठ पिस्ता रंगाच्या. गठ्ठे बांधणाऱ्या बळीरामने त्या तरटात भरून दाभणाने शिवल्या आणि वर शाईने गावाचं नाव घातलं. बाबारावांनी ते लांबून पाहिलं. भिवापूरला पिस्ता, एवढा फिका रंग! पोरीची पहिली मोठी ऑर्डर, आणि साठ साड्या परत येणार. मग शेठ तिला कशाला ठेवतात?

मयुराला विचारायला काय हरकत होती? दहा पावलांवर बसली होती. पण विचारलं तर तिला वाटेल, आपल्यावर भरवसा नाही, असं बाबारावांच्या मनाने घेतलं. म्हणून त्यांनी भरवसा न ठेवता गुपचूप काम केलं. दुपारी ती डबा खायला गेली तेव्हा ते बळीरामला म्हणाले, "उसव तो गठ्ठा."

"भाऊ, बाईनं मोजून भरला."

"मले माहीत आहे. तिच्याच भल्यासाठी सांगून राहिलो. मरून टाक, जांभळा टाक. आणि बोलजो नको तिले."

बळीरामने गठ्ठा उसवला, माल बदलला, पुन्हा शिवला. बाबारावांना त्या दुपारी अगदी हलकं वाटलं. पोरीची लाज राखली, असं म्हणत ते चहा प्यायले.

चौथ्या दिवशी मनोहरराव स्वतः आले, गठ्ठा ऑटोत घालून. शांत माणूस, पण चेहरा उतरलेला. चपला काढल्या, वर चढले, आणि मागे न बघता मयुरालाच म्हणाले, "बाई, असं काहून केलं? आमच्या सुनेनं, काजलनं, तुम्ही पाठवलेला साडीचा फोटो बायांले दाखवला. बचतगटाच्या साठ बाया. रविवारी कार्यक्रम आहे, सगळ्यांनी एकसारखी पिस्ता नेसायचं ठरवलं, नावं लिहून देल्ली. आणि गठ्ठ्यात पाहतो तं मरून न् जांभळा. सून रडून राहिली घरी."

"मी पिस्ताच पाठवली होती, काका," मयुरा म्हणाली. गठ्ठा तिने ओढून घेतला आणि वरची साडी बघितली. तिने बळीरामकडे पाहिलं. बळीराम हातातल्या दाभणाकडे बघत होता. मग तिने मान वळवून बाबारावांकडे पाहिलं, एकदाच, आणि तिला कळलं. ती बोलली मात्र नाही.

जितेंद्रशेठ आतून आले. त्यांनी आवाज चढवला नाही, कधीच चढवत नसत. "मयुरा, सध्या तू आत स्टॉकमध्येच बस. गादीचं पुढं पाहू," ते म्हणाले. ती उठली. समोरच्या उघड्या साड्या तिने घडी घालून नीट रचल्या आणि खाली उतरून चपला शोधायला लागली.

बाबाराव भिंतीला टेकून बसले होते. गप्प राहिलं असतं तर कोणाला कळलं नसतं. बळीराम बोलणार नव्हता, पोरगी तर नाहीच नाही. त्यात सदतीस वर्षांचं नाव, आणि महिनाभराने तसंही जायचंच. हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं, येणारच, माणूसच आहे. मग त्यांनी गुडघा धरला, भिंतीचा आधार घेऊन कसेबसे उभे राहिले.

"शेठ, माल म्या बदलला," ते म्हणाले. "तिनं बरोबर भरला होता. ती जेवाले गेली, तेव्हा म्या बळीरामले उसवाले लावला. तिची काही चूक नाही. मनोहररावजी, माफी मागतो."

 बळीरामने दाभण खाली ठेवलं.

"काहून पण?" मनोहररावांनी विचारलं.

"मिरचीची धूळ. फिक्यावर दिसते म्हणून."

मनोहररावांना हसू आलं. "अहो, आता बाया कामावर वरून घरच्या माणसाचा जुना शर्ट घालतात. धूळ शर्टावर. तुम्ही भिवापूरले येऊन किती वर्षं झाली?"

बाबारावांनी मनातल्या मनात हिशेब केला. "बारा," ते म्हणाले, आणि हे सांगताना त्यांना पिस्त्यापेक्षा जास्त लाज वाटली.

पिस्ता साड्या फळीवरच होत्या. अर्ध्या तासात नवा गठ्ठा शिवून तयार झाला आणि मनोहरराव तोच घेऊन बसस्टँडवर गेले. शेठनी मयुराला परत वर बसायला सांगितलं. ती मात्र खालीच उभी राहिली.

"काका, एक बोलू का?" ती बाबारावांना म्हणाली. "तुम्हाले जे माहीत आहे, ते सगळं पाहिजे मले. एकेका गावाचं सांगा, मी लिहून घेते. पण सांगून झालं की मले करू द्या. चुकलं तं माझ्या हातून चुकू द्या. हे तुम्ही मागून सावरता ना, त्यात मी बरोबर होती का चूक, हेच मले कळत नाही."

बाबारावांना राग आला. खरं सांगायचं तर चांगलाच आला, कालची पोर आपल्याला शिकवते म्हणून. घरी जाऊन ते जेवलेही नीट नाहीत. पण रात्र गेली, आणि सकाळी त्यांना वाटलं, बोलली ते खोटं कुठे आहे?

दुसऱ्या दिवसापासून ते गादीवर चढलेच नाहीत. चपला काढायच्या जागेपाशी एक लाकडी स्टूल होतं, त्यावर बसायला लागले. गुडघ्यालाही बरं पडलं. सकाळी पार्ट्या यायच्या आधी तासभर ते मयुराला एकेक गाव सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "पण हे जुनं आहे. तू फोन करून विचारून घेजो." ती लिहून घ्यायची. पार्टी आली की ते स्टुलावरून रस्त्याकडे तोंड करायचे.

जुन्या पार्ट्या काही लवकर सुधारत नाहीत. रामटेकचे एक दुकानदार गादीवर बसून मान वळवून वळवून स्टुलाकडे बघायला लागले. मयुरा त्यांना जड काठाच्या साड्या दाखवत होती, चाळीस घ्या म्हणत होती. बाबारावांच्या हिशेबाने वीसच्या वर एक खपणार नव्हती. हात आपोआप चष्म्याकडे गेला. चष्मा निघाला, आणि पुसायच्या ऐवजी त्यांनी तो घडी घालून सरळ खिशात ठेवला. आता त्यांना साडीही दिसेना आणि दुकानदाराचं तोंडही दिसेना.

"बाबारावजी, कशी काय वाटते?"

"मले काय विचारता? चष्म्याबिगर मले माणूस ओळखू येत नाही. बाईले विचारा."

चाळीसपैकी अठरा साड्या परत आल्या. मयुराने त्या मोजून घेतल्या, वहीत रामटेकच्या पानावर काहीतरी लिहिलं, आणि पुढच्या खेपेला बावीसच काढल्या. बाबाराव दोन्ही वेळा रस्त्याकडे बघत होते. जीभ कशी आवरली ते त्यांचं त्यांना माहीत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जितेंद्रशेठ म्हणाले, "काका, काकूंसाठी एक साडी घेऊन जा, दुकानाकडून. आणि बाहेरून माणूस नाही आणून राहिलो मी." मयुरा लोडाशेजारीच होती. तिने खाली बघून साडीची घडी उगाच पुन्हा घातली.

बाबाराव स्टूल गादीपुढे ओढून पार्टीसारखे बसले. "काढ. मरून, बारीक काठाची. कौशल्याले मरून शोभते."

मयुराने हात फळीकडे नेला आणि थांबवला. "काकूंले आवडते का मरून?"

"म्हणजे काय? पस्तीस वर्षं मीच नेऊन राहिलो."

"हो, पण त्यांले विचारलं का कधी?"

 बाबारावांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, फोनवर नंबर लावला. "ऐकून राहिली का वं? शेठ साडी देऊन राहिले. तुले कोणत्या रंगाची आवडते?"

 तिकडे कुकरची शिट्टी झाली. काकूंनी गॅस बंद केला.

"तुम्ही काढू नका काहीच," कौशल्याकाकू म्हणाल्या. "मीच येते दुकानात. अर्ध्या तासात येते. पण मी पाहत असताना तुम्ही मधात बोलसान नाही ना?"

"नाही," बाबाराव म्हणाले. फोन ठेवून त्यांनी स्टूल उचललं आणि गादीपुढची जागा मोकळी करून दिली.