गोल गाडीला सात मार्क जास्त

शहापूरच्या स्टँडसमोर बसणाऱ्या पेपरवाल्याकडे गाड्यांविषयीच्या एका इंग्रजी मासिकाची एकच प्रत यायची, आणि ती माझ्यासाठी यायची. मी मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. नव्वदच्या दशकात नोकरीला लागलो तेव्हापासून ते मासिक लावलेलं. माझं स्वतःचं वाहन म्हणाल तर एक स्कूटर, तीही कुशीवर तिरकी केल्याशिवाय सुरू होत नसे. चारचाकीचं स्टेअरिंग मी कधी हातात धरलं नव्हतं. पण टॉर्क म्हणजे काय, टर्बो म्हणजे काय, हे मी टपरीवर इतकं ठासून सांगायचो की ओळखीपाळखीत कुणाला गाडी घ्यायची झाली की आधी माझ्याकडे निरोप यायचा. सल्ला द्यायला गाडी चालवता यावी लागत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा माझ्या आतेभावाने गाडी घ्यायचं काढलं. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणतो. शेणव्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला त्याचं गाव. धंदा गवताचा. पावसाळा संपला की माळावरचं गवत कापायचं, गठ्ठे बांधायचे आणि मुंबईच्या तबेल्यांना ट्रकने पाठवायचे. त्याची बायको, माझी वहिनी, गावातली आणि वरच्या पाड्यांवरची बाळंतपणं करायची. कुणाचा हात मोडला, कुणाला विंचू चावला, तरी माणसं आधी तिच्याच दारात यायची. गावात तेव्हा एकही चारचाकी नव्हती. दुखणेकऱ्याला झोळीत घालून फाट्यापर्यंत आणायचं आणि येईल त्या जीपला हात करायचा, अशी रीत.

दादाच्या मनात दोन गाड्या होत्या. मासिकात त्यांना ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’ म्हणायचे, गावात दोघींनाही जीपच म्हणायचे. एक चौकोनी, जुन्या जीपच्या वळणाची, मागे समोरासमोर दोन बाकडी. दुसरी गोल, गुळगुळीत, आरशासारखी चकाकणारी. कंपन्यांची नावं सांगून उपयोग नाही, दोष गाड्यांचा नव्हताच.

मी कारखान्याच्या कागदावर शंभर मार्कांचा तक्ता केला. पिकअपला वीस, मायलेजला वीस, दिसण्याला पंधरा. कप ठेवायच्या खाचेला पाच. आमच्याकडे चहा बशीत ओतून पितात, तरी पाच. खरं सांगायचं तर गोल गाडीचा मासिकातला फोटो सहा महिने माझ्या स्टोअरच्या कपाटाला आतून चिकटवलेला होता, आणि तक्ता त्यानंतर केला होता. दादालाही गोलच हवी होती, कारण गवताच्या धंद्यातल्या त्याच्या स्पर्धकाने गेल्याच वर्षी चौकोनी घेतली होती. आम्ही दोघांनी अगदी निःपक्षपातीपणे तुलना करायचं ठरवलं.

कल्याणच्या शोरूमला जायला निघालो तर वहिनी पायात चपला घालून दारात उभी.

“तू कशाला?” दादाने विचारलं.

“बगायला.”

शोरूममधला विक्रेता टाय लावलेला. माझा तक्ता बघून तो माझ्याशी ‘सर’ लावून बोलायला लागला, तेव्हा मी अर्धा इंच फुगलोच. मी बॉनेट उघडायला लावलं. आतलं मला काही कळत नव्हतं, पण एका पाइपावर बोट ठेवून मी “हं” म्हणालो. त्यानेही मान डोलावली. त्यालाही त्या पाइपाविषयी काही ठाऊक नसावं.

तेवढ्यात मागून सीटवरचं प्लॅस्टिक चुरचुरल्याचा आवाज आला. वळून बघतो तर वहिनी गोल गाडीच्या मागच्या सीटवर सरळ आडवी झालेली. डोकं एका दाराला टेकलेलं, आणि दुसऱ्या उघड्या दारातून तिचे पाय पोटऱ्यांपासून बाहेर. चपला तिने खाली फरशीवर नीट जोडून ठेवल्या होत्या. समोर कुणाचं तरी सुटाबुटातलं कुटुंब चावी घ्यायला आलं होतं, हातात पेढ्यांचा बॉक्स. ती सगळी बघत राहिली. मला वाटलं, त्या पाइपात शिरावं.

“मॅडम, काय झालं? चक्कर आली का?” विक्रेता धावला.

“नाय. मानूस आडवा नाय मावत हिच्यात.”

“मॅडम, गाडीत माणसं बसतात. आडवी कशाला होतील?”

वहिनी उठून पदर सावरत म्हणाली, “आमच्याकडं आडवीच जास्त जातात.”

विक्रेता हसला. दादा हसला. मी तर सगळ्यांत मोठ्याने हसलो, कारण त्या बाईशी माझा काही संबंध नाही हे त्या कुटुंबाला कळायला हवं होतं.

दुसऱ्या शोरूममध्ये ती चौकोनी गाडीच्या मागे चढली, दोन बाकड्यांच्या मधल्या जागेत पाय लांब करून झोपली आणि दार लावून घ्यायला सांगितलं. दार लागलं. आतून तिने काचेवर टकटक केलं. मी तक्त्यात त्यासाठी रकाना केला नव्हता, त्यामुळे मार्क द्यायचा प्रश्नच आला नाही. गोल गाडी सात मार्कांनी जिंकली.

परतीच्या एसटीत वहिनी एवढंच म्हणाली, “तुमी शिकलेले, भावजी. तुमाला जास्त कळतं.”

मी ते कौतुक म्हणून घेतलं.

गाडी आली. काळी-पिवळी जीप चालवणारा गावातलाच एक जण ड्रायव्हर म्हणून ठेवला. दादा पुढे बसून शहापूरला जायचा, बाजारातून दोनदा फिरायचा आणि काही न घेता परत यायचा. मीही बहुतेक रविवारी काहीतरी निमित्त काढून तिथे असायचो.

अशाच एका उन्हाळ्यातल्या रविवारी, दुपारचं जेवण आटोपत होतं तेव्हा वरच्या पाड्यावरची चार माणसं झोळी घेऊन अंगणात आली. झोळीत पन्नाशीचा गडी होता. आंबे उतरवताना झाडावरून पडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. वहिनीने बांबूच्या दोन कामट्या लावून पाय कंबरेपासून घोट्यापर्यंत बांधला. पाय काठीसारखा सरळ झाला. तो आता वाकणार नव्हता.

गड्याला मागच्या सीटवर आडवा केला. पाय दाराबाहेर. उलट्या बाजूने घालून बघितला. पाय त्या दाराबाहेर. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता, दादा माझ्याकडे बघत होता, पाड्यावरची माणसं मात्र मला ओळखत नव्हती म्हणून वाचलो. वहिनीने कुणाकडेच बघितलं नाही. तिने गवताच्या गठ्ठ्यांचा काथ्या आणला, उघडं दार खिडकीतून बांधून घेतलं आणि मला म्हणाली, “तुमी पुढं उलटे बसा आन् दार धरा. पायावर आपटाया नको.”

ती स्वतः मागे खाली, सीटच्या फटीत बसली, गड्याचं डोकं धरून. मी पुढच्या सीटवर गुडघे टेकून, उलटा, खिडकीतून हात बाहेर काढून ते दार धरून बसलो. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, पण खड्डा आला की ड्रायव्हर गाडी जवळजवळ थांबवायचा. शहापूर गाठायला दोन तास लागले. समोरून येणारा प्रत्येक मोटरसायकलवाला ओरडून सांगायचा, “दार उघडं हाय!” एका एसटीच्या कंडक्टरने तर घंटी मारून बस थांबवून सांगितलं.

गडी वेदनेने पांढरा पडला होता. तरी शेणव्याच्या पुढे जरा शुद्धीवर येऊन त्याने सीटवरून हात फिरवला आणि मला म्हणाला, “झ्याक हाय गाडी. तुमीच पसंत केली ना?”

दादाने त्याला कधी सांगितलं होतं, देव जाणे.

सरकारी दवाखान्यात पाय बसवला. दोन महिन्यांनी गडी लंगडत चालायला लागला, आणि पुढच्या वर्षी झाडावरही चढला. माझा उजवा हात खांद्यापासून भाजला होता, त्याची साल निघाली. कारखान्यात मी सांगितलं, ऊन लागलं.

पुढच्या खेपेला गेलो तर गाडीची पुढची डावी सीट जागेवर नव्हती. वहिनीने ड्रायव्हरकडून बोल्ट काढून घेतले होते आणि तिथे फळी बसवून घेतली होती, म्हणजे मागे डोकं ठेवून माणूस पुढपर्यंत लांब होईल. दादा आता मागे बसायचा. गावाला वाटलं, साहेब झाला. काढलेली सीट ओटीवर मांडली होती, काळी, टेकायची, मान ठेवायला उशी असलेली.

“बसा, भावजी,” वहिनी म्हणाली. “फार मऊ हाय.”

बसलो. मऊ होतीच.

तीन-चार वर्षांनी म्हशाच्या जत्रेत दादाचा ड्रायव्हर भेटला. चौकोनी गाडीला टेकून भजी खात होता. गाडी कुणाची विचारलं तर म्हणाला, “आपलीच. गोल इकली. हिला दोन म्हयने झाले.”

“दोन महिने? दादाने मला विचारलं कसं नाही?”

“दादांना पन नाय इचारलं. वहिनी आन् मी गेलो, घेऊन आलो.” त्याने भज्यांचा कागद माझ्यापुढे धरला.

मी एक भजं घेतलं. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, “मायलेज किती देते?”

“ठाव नाय,” तो म्हणाला. “अजून कोनी इचारलं नाय.”