अक्कांच्या कणगीतलं बी

आमच्या अक्कांना भात दातानेच कळायचं. कुठलाही दाणा हातात द्या, तो दाढेखाली धरून कट्कन फोडायच्या आणि सांगायच्या, "अजून एक ऊन पाहिजे याला." पुढे दाढा पडल्या, तशा समोरच्या दातांनी फोडायला लागल्या. मी म्हणायचे, "अक्का, हेही पडले की काय हिरड्यांनी फोडणार?" त्यावर त्यांचं ठरलेलं, "तुझं तोंड दिवसभर चालूच असतं, त्यातले दोन घेईन उसने."

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही दोघी एकाच चुलीपुढे. भांडलो किती त्याला गणती नाही. एकदा तर अख्खा पावसाळा अबोला धरला होता, कशावरून ते आता दोघींनाही आठवत नाही. आधी त्यांचे यजमान गेले, मग माझे. त्यांचा मुलगा शहरात नोकरीला, माझी मुलगी तिच्या सासरी. घरात उरलो आम्ही दोघी, आणि दाराबाहेर शेत.

आमची शेतं खाडीला लागून. मधे फक्त मातीचा बांध. तो कुठे ना कुठे पाझरायचाच, आणि खारं पाणी आत आलं की दुकानातल्या बियाण्याचं बुटकं भात पिवळं पडून माना टाकायचं. टिकायचं ते एकच, आमचं तांबडं. उंच, लांब कुसळांचं, दिसायला अगदी राकट. पिकायचं कमी, शिजायला सरपण खायचं, आणि जेवणाऱ्याने कौतुक करावं असं त्याच्यात काही नव्हतं. पण खाऱ्या पाण्यात उभं राहायचं.

त्याचं बी राखायचं काम अक्कांचं. सासूबाईंनी त्यांच्याकडे दिलं होतं, आणि माझा हात त्याला लागू द्यायच्या नाहीत. कापणीआधी त्या एकट्या शेतात शिरायच्या. बांधाकडेची लोंबी घ्यायची नाही, मधल्या चिखलातली घ्यायची. वाकलेल्या ताटाची नको, सरळ उभ्या ताटाची हवी. त्या लोंब्या यंत्रात नाही घालायच्या, फळीवर हाताने झोडायच्या. मग ते दाणे मागच्या खोलीत चटईवर पसरून सकाळच्या कोवळ्या उन्हापुरते बाहेर काढायचे, ऊन तापलं की आत. शेवटी बांबूच्या कणगीत भरायचं, वर राख, कडुनिंबाचा पाला, आणि तोंड मातीने लिंपून बंद. तो सगळा सोहळा बघून मी वैतागायचे. म्हणायचे, "एवढं तर मी पोरीलाही जपलं नाही." त्या म्हणायच्या, "म्हणूनच ती तुझ्यासारखी झाली."

पूर्वी त्यांचं बी गावात सगळ्यांकडे असायचं. मागायला येणाऱ्याला त्या नाही म्हणायच्या नाहीत. जेवढं नेलं तेवढं कापणीनंतर आणून द्यायचं, एवढंच. मग बांधाला सिमेंट लागलं. खारं पाणी यायचं थांबलं आणि माणसांना तांबडं नकोसं झालं. एकेकाने बुटकं भात धरलं, तांबड्याचं उरलेलं बी कांडून खाल्लं. शेवटी आमच्या एका तुकड्यात तेवढं राहिलं. मीही म्हणत होते, सोडा आता हा हट्ट. नाही सोडला.

मग अक्का विसरायला लागल्या. चहात साखर दोनदा, नाहीतर नाहीच. मला माझ्याच मुलीच्या नावाने हाक. मी हसण्यावारी न्यायचे. म्हातारपणी एवढं तेवढं चालायचंच, असं मनाला सांगायचे. मनात पाल चुकचुकत होती, पण कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

त्या वर्षी कापणीच्या तोंडावरच माझ्या मुलीचं बाळंतपण आलं. जाणं भाग होतं. शेजारणीला सांगून गेले, अक्कांवर लक्ष ठेव गं. परत आले तेव्हा भात घरात आलेलं, खायचं भात उकडून अंगणात वाळत घातलेलं. आमच्याकडे खायचा तांदूळ उकडाच लागतो. भात भिजवायचं, मोठ्या हंड्यात वाफवायचं, टरफलं जराशी उकलली की काढून वाळवायचं, मग गिरणीत. मागच्या खोलीत डोकावले तर कणगी भरलेली, तोंड नीट लिंपलेलं, वरून बोटं फिरवलेली. मला बरं वाटलं. म्हटलं, बाकी काही विसरल्या तरी हे नाही विसरत.

उन्हाळ्यात मोठ्या भरतीला बांध फुटला. सिमेंटसकट. आणि फुटला तो नेमका आमच्या तुकड्यापाशी. पाण्याने आमच्या शेताची वरची माती खरवडून नेली आणि पलीकडची शेतं बुडवली. पाणी ओसरलं तेव्हा जमिनीवर मिठाचा पांढरा थर. आता बुटकं भात इथे रुजणार नाही, हे सांगायला कोणी लागलं नाही.

आणि मग माणसं आमच्या पायरीशी यायला लागली. ज्यांनी "म्हातारीचं खूळ" म्हणून नाकं मुरडली होती, तीच. अक्का, मूठभर द्या. अक्का, यंदा तुम्हीच तारा. अक्का पायरीवर बसायच्या, पदर नीट करायच्या आणि एकेकाचा समाचार घ्यायच्या. "का रे, बुटक्याने पाठ दाखवली?" त्यांचं विसरणं कुठल्या कुठे पळालं होतं. कोणाचं शेत किती खोल, कोणाला किती बी लागेल, सगळं तोंडावर. एवढ्या खुशीत त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या एका कणगीवर सगळ्यांचं वर्ष लटकलेलं, आणि मला मात्र, काय सांगू, अभिमान वाटत होता. जणू माझंच काहीतरी होतं त्यात.

वाटायच्या आधी बी तपासायची रीत. मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवायचे, मोड येतात का बघायचं. अक्कांनी कणगी फोडली, मूठ काढून फडक्यात बांधली आणि दुसऱ्या दिवशी विसरून गेल्या. मीच पाणी शिंपडत राहिले. मोड यायचे दिवस येऊन गेले. फडकं सोडलं तर दाणे नुसते फुगलेले, बुळबुळीत, आणि वास आंबूस. मोड एकालाही नाही.

म्हटलं, फडकं सुकलं असेल मधे. पुन्हा बांधलं. पुन्हा तेच. तेव्हा मी कणगीतला कोरडा दाणा घेतला आणि दाढेखाली धरला. कच्चा दाणा फुटला की आत पीठ लागतं. हा फुटेचना. फुटला तेव्हा काचेसारखा. टरफलाचं टोक बघितलं तर किंचित उकललेलं. मी ती कणगी तळापर्यंत उपसली. मधला दाणा, खालचा दाणा, कडेचा दाणा. सगळा उकडा.

शेजारणीला गाठलं. ती रडायलाच लागली. "काकी, मी म्हटलं होतं हो त्यांना. मागच्या खोलीतलं भात भिजत घालायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, अक्का, हे बी ना? तर माझ्या अंगावर आल्या, मला शिकवतेस का म्हणून. मग मी काय बोलणार?" कोण काय बोलणार होतं? बी उकडायचं, आणि तेच वाळवून, राख घालून, पाला घालून, कणगी लिंपून ठेवायची. हाताला सगळं आठवत होतं, डोक्याला तेवढं नाही.

दुसऱ्या दिवशी माणसं पिशव्या घेऊन येणार होती. अक्का सकाळपासून पायरीवर. मी त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे काय सांगायचं यांना? तुमच्या सासूने दिलेलं, तुम्ही जन्मभर राखलेलं, तुमच्याच हाताने संपलं? माझ्याने झालं नाही. माणसं जमली तशी मी पुढे झाले आणि सांगून टाकलं, "बी नाही. मुलीकडून आले तेव्हा घाईत होते. मागच्या खोलीतलं खायचं समजून मी उकडलं." शेजारीण तोंड उघडत होती, तिच्याकडे असं बघितलं की तिने मिटलं.

एक म्हातारा नुसता पिशवीची घडी घालत राहिला. अक्का मात्र उठल्या, माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "तुला त्या खोलीत जायला सांगितलं कोणी?" जन्मात त्या माझ्याशी इतक्या थंड आवाजात बोलल्या नव्हत्या.

मी स्वस्थ बसले नाही. वणवण केली. कोणाच्या माहेरी, कोणाच्या मामाकडे, खाडीच्या पलीकडे. तांबडं आहे का हो कोणाकडे? एका घरी भिंतीवर हौसेने लावलेली जुनी लोंबी निघाली. उतरवली तर नुसती कुसळं, दाणे उंदरांनी कधीच नेलेले. अक्कांचा मुलगा फोनवर म्हणाला, "काकी, जाऊ दे ना, दुसरं काहीतरी पेरा." शेतकी खात्याच्या बाईंनी खाऱ्या जमिनीसाठी म्हणून बियाण्याच्या पिशव्या दिल्या. ते थोडं उगवलं, थोडं नाही. बाकी शेतं तशीच पडली. काही घरांना कुलुपं लागली.

आणि अक्का एकेक गोष्ट विसरत गेल्या. मुलगा शहरात आहे हे विसरल्या, नवरा गेला हे विसरल्या, जेवल्या हे विसरल्या. विसरल्या नाहीत ते एवढंच, की हिने बी उकडलं. रोज सकाळी नव्याने. मी भात वाढला की ताट सरकवायच्या. "हेही बीच असेल." आल्यागेल्याला सांगायच्या, "हिच्यापासून सांभाळा." मी हं हं करायचे. पण मी काही देवाची मूर्ती नाही. रागाने नुसती धुमसायचे आतल्या आत.

एक दिवस त्या शेतकी खात्याच्या बाई पुन्हा पिशवी घेऊन दारात आल्या. अक्का त्यांना म्हणाल्या, "हिच्या हातात देऊ नका हो, उकडून ठेवेल." बाई हसल्या. त्या गेल्यावर मी पिशवी भिंतीवर फेकली. "तुम्ही उकडलंत, अक्का! तुम्ही! मी घरातही नव्हते! तुम्ही उकडलंत, तुम्ही भरलंत, तुम्ही लिंपलंत!"

त्या स्वतःच्या हातांकडे बघायला लागल्या. "मी?" म्हणाल्या. मग पुन्हा, अगदी हळू, "मी उकडलं?" त्यांना पटलं होतं. कसं काय कोण जाणे, त्या क्षणी त्यांना सगळं लख्ख दिसलं असावं. "मग तू इतके दिवस बोलली का नाहीस, धाकटे?"

मी म्हटलं, खोटं बोलले अक्का, रागात बोलले, मीच उकडलं. त्या मान हलवत राहिल्या. जेवल्या नाहीत. दिवेलागणीपर्यंत भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत राहिलं, पुसायचंही भान नव्हतं. मला माझीच जीभ उपटून टाकावीशी वाटली. त्यांच्या जवळ बसले, पाठीवरून हात फिरवला, तर म्हणाल्या, "सासूबाईंना काय सांगू मी आता?"

सकाळी मला उठायचंच जिवावर आलं होतं. त्यांचा तो चेहरा पुन्हा कसा बघू? तेवढ्यात मागच्या खोलीतून हाक आली. "धाकटे! कणगी रिकामी कशी? बी कुठे आहे?"

मी दारात जाऊन उभी राहिले. चेहऱ्यावर कालचं काही नव्हतं. डोळे तेवढे सुजलेले, का ते त्यांनाही ठाऊक नसावं. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

"उकडलंस ना? खरं सांग."

"हो अक्का. मीच उकडलं."

"अरे देवा! अगं, एवढी वर्षं माझ्या हाताखाली राहिलीस, तुला बी आणि खायचं कळेना?" आणि त्यांनी जे सुरू केलं ते माझ्या माहेरापर्यंत पोचलं. मी चौकटीला धरून रडत होते आणि मान हलवत होते. त्या दमेपर्यंत मी मधे एक शब्दही बोलले नाही.