प्रांजलीचा शुक्रवार

प्रांजलीला इथे कायमचं राहण्याचा परवाना मिळाला म्हणून मी ब्रिस्टलमधल्या अकरा घरी पेढे वाटले, तेव्हा तो परवाना मिळालेलाच नव्हता. चूक सर्वस्वी माझी. सकाळी दारात एक भुरकट सरकारी लखोटा पडलेला दिसला. पंचवीस वर्षांपूर्वी आमचा परवाना अश्शाच लखोट्यातून आला होता. चष्मा वरच्या खोलीत राहिला होता, पण आनंदाला चष्मा कशाला लागतो? दुसऱ्याचं पत्र उघडू नये एवढी सभ्यता माझ्यात आहे, फक्त त्यावरचं नाव वाचायचं राहून गेलं. नीताने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, कन्डेन्स्ड मिल्क आणि दूध पावडरचे पेढे वळले आणि मी गाडी काढली.

संध्याकाळी प्रांजली ऑफिसमधून आली. तिने लखोटा उचलला, उलटसुलट पाहिला आणि माझ्या हातात दिला.

"काकाजी, हे तुमच्या नावानं आहे."

पन्नाशी उलटलेल्यांची शौचाची तपासणी करतात, तिचं आमंत्रण होतं ते. नमुना घ्यायचं किट पाठोपाठ येणार होतं.

"अभिनंदन जी," ती म्हणाली. "तुमचा नंबर तं न मागता लागला. आणि निर्णय आता ईमेलवर येते, काकाजी. लखोट्याचा जमाना गेला."

अकरा घरी परत फोन करायचं काम अर्थातच नीताने केलं.

प्रांजली मूळची वर्ध्याची. इथे मास्टर्सला आली तेव्हा आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आली आणि नऊ वर्षं राहिली. शिक्षणाचं एक वर्ष, त्यानंतर नोकरी शोधायच्या व्हिसाची दोन, आणि मग कंपनीच्या व्हिसावरची पाच. नववं अर्जाची वाट पाहण्यात गेलं. परवान्यासाठी यातली कंपनीची पाचच धरतात. "पहिली तीन वर्षं मी इथं नव्हतीच म्हणे," ती सांगायची. "मग तुमच्या घरची भांडी कोण घासून राहिलं होतं, भूत?"

विमानाच्या पंखांची चाचणी घेणाऱ्या कंपनीत ती इंजिनियर होती. पंख किती वाकवला की मोडतो, हे बघायचं तिचं काम. घरात मात्र तिचं खरं हत्यार होतं खलबत्ता. वर्ध्याहून बॅगेत घालून आणलेला, दगडी. शनिवारी सकाळी ती त्यात ठेचा कुटायची आणि एकेका मिरचीला एकेकाचं नाव द्यायची. पहिली मिरची कायम ऑफिसातल्या ग्रॅहमची.

"हा घ्या ग्रॅहम," धाड्. "हा घ्या पुन्हा ग्रॅहम," धाड्.

मी पुण्याचा, आमटीत गूळ घालणारा माणूस. सुरुवातीला मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसत असे.

तिच्या सुडाचा नियम साधा होता. जो कोणी "होईल गं लवकरच" असं म्हणेल, त्याच्या ताटात न विचारता एक डाव ठेचा. इथल्या मराठी मंडळातले एक फायनान्सवाले गृहस्थ जेवायला आले होते. ते म्हणाले, "बी पॉझिटिव्ह, प्रांजली." ती गोड हसली आणि आत गेली. पुढची वीस मिनिटं ते गृहस्थ फक्त पाणी मागत होते. माझ्या ताटात ठेचा किती वेळा पडला ते विचारू नका. मला दुसरं काही बोलायला सुचतच नसे.

ग्रॅहम तिचा साहेब. माणूस वाईट म्हणावा असा नव्हे. वाढदिवसाला केक आणणारा, नेहमी हसणारा. तिचा अर्ज गेला आणि चौथ्या महिन्यात व्हिसाच्या कचेरीने कंपनीकडे एक साधं पत्र मागितलं: ही बाई आमच्याकडे नोकरीला आहे आणि पुढेही राहील. दोन ओळी. ग्रॅहमने सही करायची, बस्स. तो म्हणाला, "क्लोज ऑफ प्ले, फ्रायडे." म्हणजे शुक्रवारी काम संपायच्या आत. शुक्रवार गेला. पुढचाही गेला. मग तो स्पेनला गेला. परत आल्यावर तिने आठवण करून दिली, तर पुन्हा हसून, "सिट टाइट. क्लोज ऑफ प्ले, फ्रायडे."

"कोणता फ्रायडे?" तिने एकदा विचारलं. त्याला तो विनोद वाटला.

नऊ आठवडे ते पत्र त्याच्या ड्राफ्टमध्ये पडून होतं. तोवर तिचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी गेला आणि साऱ्या प्रकरणाला तेरा महिने लागले.

तेरा महिने म्हणजे काय हे मला कळायला वेळ लागला, कारण मला हिशेब फक्त माझ्या जिभेचा होता. अर्ज आत असताना देशाबाहेर पाऊल टाकलं, की अर्ज मागे घेतला असं धरतात. आणि वर्ध्याला तिचे बाबा विसरत चालले होते.

बाबा एसटी डेपोत कंट्रोलर होते. गाडी पाच मिनिटं जरी उशिरा सुटली, तरी फळ्यावर खडूने कारण लिहायचे. टायर पंक्चर. ड्रायव्हर आजारी. पुलावर पाणी. प्रवाशांचा तो हक्क आहे असं ते म्हणत. प्रांजलीचं ठेवणीतलं वाक्य तेच होतं: "माझा बाप कारण लिहायचा जी, फळ्यावर. यांचं काय जाते कारण लिहायला?" कचेरीतून यायचे ते एकाच साच्याचे ईमेल: आपला अर्ज विचाराधीन आहे, कृपया चौकशीसाठी संपर्क करू नये, त्याने निर्णय लवकर होत नाही. ते तिला पाठ झाले होते. ती ते आरतीच्या चालीवर म्हणून दाखवायची.

दर रविवारी व्हिडिओ कॉल. आधी बाबा विचारायचे, "कधी येऊन राहिली बाई?" दिवाळीत विचारलं, "शिक्षण संपलं नाही काय अजून?" पुढे मार्चमध्ये त्यांनी तिला आत्याच्या नावाने हाक मारली आणि ती आत्या होऊन अर्धा तास बोलली. फोन ठेवला आणि भर रविवारी खलबत्ता काढला. त्या दिवशी मिरच्यांची नावं तिने मोठ्याने घेतली नाहीत. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "होईल गं." तिने ठेचा वाढला नाही. नुसतं बघितलं. त्यापेक्षा ठेचा बरा होता.

परवाना आला तो मंगळवारी दुपारी, ईमेलवर. पेढे झाले नाहीत. तिने आधी विमानाचं तिकीट काढलं आणि मग राजीनामा लिहिला. परवाना मिळाल्यावर कंपनीची गरजच उरली नव्हती. वर्षभर कुठे जाताच न आल्याने रजा साचली होती. नोटीसचा सगळा काळ त्या रजेत बसला. ग्रॅहमला हे कळलं तेव्हा त्याच्या मोठ्या चाचणीला पाच आठवडे उरले होते, आणि चाचणीच्या यंत्राच्या खोडी जगात एकाच व्यक्तीला माहीत होत्या.

"तू असं अडवणं बरोबर का?" मी विचारलं.

"मी कुठं अडवून राहिली?" तिने फोन माझ्यापुढे धरला. कोणाला शिकवून ठेवू ते सांगा, असे तीन ईमेल तिने ग्रॅहमला पाठवले होते, सहा महिन्यांत. तिन्हींना उत्तर एकच. क्लोज ऑफ प्ले, फ्रायडे.

निघताना तिने इथला मोबाइल बंद केला आणि ऑफिसला आमच्या घरचा नंबर दिला. फोनशेजारी एक पिवळी चिठ्ठी चिकटवली. "काकाजी, फक्त वाचायचं. आपल्या मनाचं एक अक्षर बोलायचं नाही. कबूल?"

"आणि तू परत कधी येणार?"

"दोन वर्षांत आली नाही तं परवाना जाते. आता त्यांना बसू द्या वाट पाहत." खलबत्ता मात्र ती नीतापाशी ठेवून गेली.

चार दिवसांनी तिचा आवाजी निरोप आला. आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर फोन ठेवून ऐकला.

"काकू, पोचली. बाबांनी नमस्कार केला मला. कुठून आल्या म्हणे बाई तुम्ही? मी म्हटलं, ब्रिस्टलहून. तं म्हणे, माझी पोरगी पण तिथंच असते. तिची गाडी लेट आहे. मी म्हटलं, कारण? म्हणे, कोणी लिहिलंच नाही."

नीताने तो निरोप पुन्हा लावला नाही. उठून ओटा पुसायला लागली. आधीच पुसलेला होता.

तेवढ्यात घरचा फोन वाजला. ग्रॅहम. फार अदबीने बोलत होता. प्रांजलीशी दहाच मिनिटं बोलायला मिळालं तर उपकार होतील, चाचणी तोंडावर आली आहे, वरून फार दबाव आहे. मी चष्मा लावला. या वेळी लावला. चिठ्ठी वाचली: आपली विनंती विचाराधीन आहे, कृपया चौकशीसाठी संपर्क करू नये, त्याने निर्णय लवकर होत नाही.

मग तो म्हणाला, निदान अंदाजे कधी, तेवढं सांगता येईल का?

चिठ्ठीवर शेवटची एकच ओळ उरली होती. "क्लोज ऑफ प्ले, फ्रायडे," मी म्हणालो.

"कोणता फ्रायडे?" ग्रॅहमने विचारलं.

मी फोन ठेवला. खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं, तसा माझा स्वभाव आहे. पण मला इतकं बरं वाटलं की मी शाबासकीच्या आशेने स्वयंपाकघराकडे वळलो. नीता म्हणजे देवाला रोज फूल वाहणारी, शेजाऱ्यांच्या मांजरालाही अहोजाहो करणारी बाई. तिने खलबत्ता ओट्यावर काढून ठेवला होता आणि ती मिरच्यांची देठं खुडत होती. मान वर न करता ती म्हणाली,

"तीनदा सॉरी म्हणालास त्याला. उद्या फोन आला की मी घेईन."