चार वाजताची भूक

गल्लीत कुणीही 'दातकाका' अशी हाक मारावी आणि त्यांनी ओ द्यावी, हे इतकी वर्षं चाललं होतं की खरं नाव त्यांनाही आठवून सांगावं लागलं असतं. काम कवळ्या करायचं. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवायचे. घराच्या पुढच्या खोलीत बसून काका त्यात प्लास्टर ओतून साचे काढायचे, मेणात दात बसवायचे आणि शेवटी कवळी घासूनपुसून तिच्यावरून उघडं बोट फिरवायचे. या बोटाचा त्यांना भारी अभिमान. केसाएवढा खडबडीतपणा राहिला तरी ते तिथे अडायचं. हातमोजे घालून काम करणाऱ्यांना ते सरळ आंधळे म्हणत.

फळीवर साचे ओळीनं मांडलेले असत, सगळे आ वासून. काम झालं की साचा फोडून टाकायचा, ही काकांची पद्धत. एक मात्र दोन वर्षं तसाच होता, त्याच्यावर बसवलेल्या कवळीसकट. तो त्यांच्या बायकोचा.

ती मूत्रपिंडाच्या दुखण्यानं गेली. शेवटच्या चार महिन्यांत तिचं खाणं तुटलं, तेव्हा काकांनी ठरवून टाकलं की कवळी सैल झाली आहे. दुसरं काय सुचणार? जन्मभर कवळ्या केलेल्या माणसाला प्रत्येक दुखणं कवळीतच दिसायचं. चार वेळा त्यांनी ती आतून थर देऊन घट्ट केली. चारही वेळा तिनं मुकाट्यानं तोंडात बसवून पाहिली आणि ताट बाजूला सारलं. शेवटच्या दुपारी चार वाजता तिनं आपणहून लोणी-साखर लावलेला भाजका पाव मागितला. काकांनी हातातलं काम टाकून तो करून आणला. तिनं पावाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"पुरे झाली ही नाटकं! नको ना? मग राहा उपाशी," काका ओरडले, बशी उचलली आणि कामाला जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. आपण काय बोललो ते काकांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, परगावी राहणाऱ्या लेकीलाही नाही.

मागे राहिली तिची करडी मांजरी. बायको तिला बाईसाहेब म्हणायची, आणि तोरा होताही तसाच. आता बाईसाहेब चौदा वर्षांच्या झाल्या होत्या. एके दिवशी त्या वाटीपाशी आल्या, वास घेतला आणि तोंड फिरवून निघून गेल्या. हे तोंड फिरवणं काकांच्या चांगलंच ओळखीचं होतं.

जनावरांची डॉक्टरीण वयानं लेकीएवढी होती. तिनं रक्त तपासलं आणि सांगितलं, "मूत्रपिंडं थकलीत, काका. आजार काही जायचा नाही, पण पोटात अन्न गेलं तर बरे दिवस काढेल ती. हे भूक लागायचं मलम आहे. रोज कानाच्या आतल्या बाजूला लावायचं, आज डावा, उद्या उजवा. आणि हे हातमोजे. विसरू नका हं."

काकांनी मान डोलावली. घरी आल्यावर हातमोज्यांचं खोकं कपाटात टाकलं. मांजरीच्या कानासारखी नाजूक वस्तू आणि म्हणे हातमोजे! उघड्या बोटानं, कवळीला चमक आणावी तसं, ते मलम पार दिसेनासं होईपर्यंत चोळत बसायचे.

चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता त्यांना भूक लागली.

साधी नाही, कडकडून. दोन वर्षं काका जेवत होते ते घड्याळ बघून, गोळी घ्यावी तसं. आता हातातलं मेण खाली ठेवून ते स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी पाव भाजायला घेतला. त्यावर लोणी लावलं, साखर पेरली. गोडाचा त्यांना जन्मभर तिटकारा. पहिला घास गिळल्यावर त्यांच्या अंगावर काटा आला, कारण ही भूक आपली नाही याची त्यांना खात्री पटली. बायको उपाशी गेली होती, त्यांनीच तिला तसं बजावलं होतं, आणि आता बरोबर चार वाजता ती जेवायला आली होती.

दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. काका टेबलावर दोन बशा मांडू लागले. खाऊन झालं की जड झोप यायची आणि झोपेत ती लख्ख दिसायची, तोंडात घास घोळवत. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बाईसाहेब टक लावून बघत बसायच्या. काकांना भीती वाटायची, आणि चार वाजायची वाटही बघवत नसे. फोनवर लेक म्हणाली, "बाबा, आवाज किती छान येतोय तुमचा. जेवताय ना नीट?"

"आम्ही दोघंही जेवतोय," काका बोलून गेले. तिला वाटलं, मांजरीबद्दल बोलताहेत.

मांजरी मात्र जेवत नव्हती. दोन आठवड्यांनी डॉक्टरणीनं वजन केलं, तर दोनशे ग्रॅम घटलेलं. तिनं काकांकडे नीट पाहिलं. त्यांच्या गालांवर मांस चढलं होतं.

"मलम लावताना मोजे घालता ना?"

"बोटाला कळतं तसं मोज्याला..."

"काका!" तिला हसू आलं आणि रागही. "ते कातडीतून अंगात जातं. माणसांनाही याच औषधानं भूक लागते, झोप येते, स्वप्नं पडतात. बाईसाहेबांचं औषध तुम्हीच खाताय की!"

ती पुढे सांगत होती, "शिवाय ही मळमळीची गोळी देते. या आजारात रक्तात घाण साचते, अन्नाच्या वासानंही ढवळून येतं. खाण्याची आठवण आली म्हणून ती वाटीपाशी जाते, आणि वास आला की तोंड फिरवते. हट्ट नसतो तो. अशा वेळी वाटी पुढे पुढे करू नका."

"माणसालाही असंच होतं?" काकांनी विचारलं.

"आजार तोच ना. माणसालाही होतं."

घरी येऊन काका कितीतरी वेळ फळीसमोर उभे होते. कुणी आलं नव्हतं. बोटातून शिरलेलं औषध होतं ते. कळलं, समजलं, पटलंसुद्धा. तरी त्या दिवशी त्यांनी मलम उघड्या बोटानंच लावलं. दुसऱ्या दिवशीही. औषध तर औषध, चार वाजता ती येत होती ना? खुर्ची भरलेली वाटत होती ना? आपण मांजरीच्या तोंडचा घास काढून घेतोय, हे कळत असूनही त्यांना ते सोडवेना. याची लाज त्यांना मरेपर्यंत वाटायची होती.

तिसऱ्या दिवशी पाव भाजल्याच्या वासानं बाईसाहेब टेबलापाशी आल्या. पाठीचे मणके मोजता येत होते. काकांनी लोण्याचं बोट पुढे केलं. बाईसाहेबांनी तोंड उघडलं, थबकल्या आणि मान वळवली. अगदी तशीच. काकांनी बशी खाली ठेवली, कपाटातून खोकं काढलं आणि मोजे चढवले.

गोळीनं मळमळ थांबली, मलम आता जिथे जायला हवं तिथे जाऊ लागलं. हळूहळू काकांची भूक ओसरली, झोप पातळ झाली, स्वप्नं थांबली. नवव्या दिवशी चार वाजले तेव्हा टेबलावर एकच बशी होती आणि समोरची खुर्ची नुसतीच खुर्ची होती. बायकोला पोचवून आले त्या दिवशीही काकांना घर इतकं रिकामं वाटलं नव्हतं.

बाईसाहेब वाटीपाशी आल्या. वास घेतला, थांबल्या आणि खाऊ लागल्या. चार घास, पाच. सहाव्याला तोंड फिरवलं. वाटी पुढे सरकवायला काकांचा हात सवयीनं गेला आणि मध्येच थांबला.

"पुरे का? बरं. राहू दे," ते म्हणाले.

म्हणताना आवाज फुटला. ते फळीपाशी गेले आणि साच्याकडे बघत तेच पुन्हा म्हणाले, या खेपेला नीट, सावकाश. मग मलम लावताना चढवलेला मोजा काढून साच्यावरची कवळी उचलली आणि आतल्या चार थरांवरून उघडं बोट फिरवलं. ते कुठेच अडलं नाही.