शोकेससमोरची जाळी

मेहरा साहेबांनी ग्राहकाकडून परत आलेली आणखी एक पेटी माझ्या टेबलावर ठेवली. "कुलकर्णीजी, इस पर पास का साइन किसका है?"

सही माझीच होती. गुडगावच्या या खेळसाहित्याच्या कंपनीत मी क्वालिटी बघतो, म्हणजे माल ठोकून-वाकवून पाहतो आणि ‘पास’ लिहितो. इथे गाड्यांचे कारखाने उभे राहत होते तेव्हा मी पुण्याहून आलो आणि या कंपनीत येण्याआधी वीसेक वर्षं गाड्यांचे वायपर तपासले. तेही अशा गावात, जिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो.

पेटीत पिकलबॉलच्या सरावाची जाळी होती. टेनिस आणि टेबल टेनिसच्या मधला हा खेळ हल्ली सोसायट्यांमध्ये जोरात आहे. चपटी पॅडल, भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू. कोर्टाला नंबर लावावा लागतो, म्हणून घरी सरावाला आमची जाळी. पाइपच्या चौकटीत हुकांनी ताणून बसवलेली. चेंडू मारा, परत येतो. यातला महत्त्वाचा फटका ‘डिंक’, म्हणजे चेंडू अलगद नेटपलीकडे टाकणं. जाळी मुख्यतः त्यासाठीच.

तक्रार सगळ्यांची एकच. चेंडू अंगावर येतो.

"लॅब में तो बढ़िया चलती है, सर," मी म्हणालो.

"मंडे को रिव्ह्यू है. वजह नहीं मिली तो प्रॉडक्ट बंद."

रिटायरमेंटला चार महिने राहिले होते. शेवटची मोठी सही नापास मालावर, हे मनाला लागलं. मी पेटी घरी नेली.

लॅबमध्ये मी सात फुटांवरून मारायचो. घरी सोफा आणि जाळी यांच्यात जेमतेम पाच फूट. पहिला चेंडू माझ्या चष्म्यावर आला. दुसरा शोकेसच्या काचेवर.

"हा डिंक का?" सुलभानं, म्हणजे बायकोनं विचारलं. "मग लाडूच बरे. आणि वायपर निदान अंगावर येत नव्हते."

रविवारी सकाळी दूध घेऊन आलो तर आतून टक, टक, टक. सुलभा गाऊनवरच खेळत होती. "अठ्ठावीस, एकोणतीस..."

"काय केलंस?"

"हुक सैल केले. काच फुटायची वाट बघत बसू?"

मी पॅडल घेतली आणि दणकून मारला. चेंडू जाळीत रुतला आणि खाली पडला.

"अहो, पोळी लाटताय की कपडे धुताय? हळू."

हळू मारला. अलगद परत आला.

मी सोफ्यावर बसलो. चूक माझीच होती. मूळ ड्रॉइंगमध्ये जाळी सैलच होती. पण माझी टेस्ट एवढीच, की चेंडू किती लांब परत येतो. जितका लांब, तितके मार्क जास्त. मार्क वाढावेत म्हणून हुक मीच घट्ट करवून घेतले होते. डिंक शिकवणाऱ्या जाळीला मी धोबीपछाड शिकवली होती.

सोमवारी सैल जाळी मेहरा साहेबांसमोर पाच फुटांवर ठेवली. त्यांनी साहेबाला शोभेल असा फटका मारला. चेंडू रुतला, पडला.

"ये तो मर गई."

"सर, धीरे से. जोर लगाओ तो नहीं लौटाती. यही सिखाना है."

चौथ्या वेळी चेंडू परत आला. मग साहेब थांबेनात. टेबलावरचा फोन वाजून वाजून बंद झाला.

"बिल्कुल ठीक है. लूज किसने किया?"

"होम ट्रायल में, सर."

"किसने?"

"मिसेस ने."

"तो फिर साइन भी उन्हीं का लो," ते म्हणाले आणि पुन्हा पॅडल उचलली.

प्रॉडक्ट वाचलं. हुक बदलले, माहितीपत्रकात पाच फुटांचं अंतर आलं, पेट्या परत येणं हळूहळू थांबलं. तपासणीच्या फॉर्ममध्ये मी एक ओळ वाढवली: ‘सोफ्यासमोर तपासावे.’ इतक्या वर्षांत कळलं ते एवढंच, की रिकाम्या लॅबमध्ये माल सहज पास होतो, कारण तिथे कुणी राहत नाही.

आता नवीन सॅम्पल आधी आमच्या हॉलमध्ये येतं. सही अजून माझीच असते. पास ती करते.