दांडा अडला तेव्हा

काचेचं ते भांडं आपोआप तडकलं नव्हतं. मी फोडलं होतं. आणि लेकीला सांगितलं की काच हलकी निघाली.

लेक हिंजवडीत नोकरीला लागली तेव्हा पहिल्या पगारातून तिने घरी कॉफी करायचा फ्रेंच प्रेस आणला. उभट काचेचं भांडं, त्यावर झाकण, झाकणातून खाली जाणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला जाळी. आमच्याकडे कॉफी व्हायची ती पाहुण्यांसाठी, दुधात उकळून, वर जायफळ. आणि मी कुरुळीच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर आयुष्य काढलेला माणूस. नाव ऐकून विचारलं, "किती टनाचा गं हा प्रेस?"

"बाबा, याला ताकद लागत नाही. थांबावं लागतं."

रात्रीची तिसरी पाळी संपवून मी सकाळी मोशीला घरी पोचायचो, तेव्हा तिची कंपनीची गाडी यायला जरा अवकाश असायचा. ती भांडं आधी गरम पाण्याने विसळून घ्यायची. मग रव्यासारखी जाड पूड, त्यावर उकळी बसलेलं पाणी, चमच्याने एकदा ढवळणं आणि झाकण. शेजारी तिची आई पोळ्या करत असायची. दोन पोळ्या भाजून होईपर्यंत थांबायचं, हे आमचं घड्याळ. तेवढ्यात ती तिच्या साहेबाची नक्कल करायची, मी माझ्या सुपरवायझरची. मी मधेच दांड्याकडे हात नेला की चापट बसायची. "बाबा, हा तुमचा शॉप फ्लोअर नाही!" मग ती दांडा सावकाश खाली न्यायची. ती बिनदुधाची प्यायची, मी दूध-साखर घालून. ती नाक मुरडायची.

एकदा पूड संपली. माझी सुट्टी होती. म्हटलं, संध्याकाळी ती दमून येईल, तिला तयार कप हातात द्यावा. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली ती पूड आणली. पिठासारखी बारीक होती. बाकी सगळं तिच्यासारखंच केलं, पण दांडा अर्ध्यात अडला. मशीन अडलं तर जोर लावायचा नाही, आधी मध्ये काय अडकलंय ते बघायचं, हे मी कारखान्यात नव्या माणसांना रोज ओरडून सांगतो. घरी कोण बघत होतं? दोन्ही तळहात ठेवून भार दिला. कॉफी ओट्यावर, भिंतीवर, आणि काचा पार फ्रिजखाली.

ती आली तेव्हा सगळं पुसून झालं होतं. कागदात गुंडाळलेल्या काचा दाखवून मी म्हणालो, "हलकी काच होती गं. आपोआप तडकली."

तिने आधी माझे हात उलटसुलट करून पाहिले. भाजलं नाही ना म्हणून. मग म्हणाली, "सॉरी बाबा. ऑफर बघून घेतला मी. चांगला घ्यायला हवा होता."

मी म्हणालो, "असू दे." मोठ्या मनाने माफ केल्यासारखं.

त्यानंतर तिने घरासाठी आपल्या पसंतीने काही घेतलं नाही. मिक्सर घ्यायचा होता तेव्हा म्हणाली, "तुम्हीच बघा बाबा, मला नाही कळत वस्तूंमधलं." पुढे रोजच्या ट्रॅफिकला कंटाळून ती हिंजवडीतच मैत्रिणींबरोबर राहायला गेली. त्या भांड्यामुळे नाही गेली, हे मला कळतं. पण पाळी करून घरी आलो की ओट्यापाशी उभा राहतो. दोन पोळ्या होतात. तिसरी होते. कोणी चापट मारत नाही.

शेवटी मी नवा प्रेस आणला. जाड पूड मागून घेतली. पहिल्या दिवशी दांडा दाबला आणि कप भरायच्या आधी खुर्चीवरच डोळा लागला. उठून बायकोला चव दाखवली.

"अहो, काढा झालाय हा. पडशाला ठेवू का?"

मग समजलं, दाबून झालं की लगेच ओतायची. गाळावर राहिली की कडू होते. तळाचा घोटभर गाळ मात्र भांड्यातच सोडायचा. आता रोज करतो. चांगली होते. चांगली झाली की जास्तच चुकल्यासारखं होतं.

मागच्या रविवारी लेक आली. मी भांडं विसळलं. ती ओट्याला टेकून बघत होती. दोन पोळ्या झाल्या, मी दांडा सावकाश खाली नेला, तिला कप दिला आणि माझ्याही कपात दूध घातलं नाही.

"बाबा! माझ्यापेक्षा भारी झालीय." मग तिने भांड्यावर नखाने टकटक केलं. "ही काच बघा कशी जाड आहे. मी तेव्हा उगाच स्वस्तातली..."

"तुझी काच चांगली होती, बाळा," मी म्हणालो. "पिठासारखी पूड घालून दांडा मी अडवला, आणि जोर लावून फोडलंही मीच. वर तुझ्यावर ढकललं. तू सॉरी म्हणालीस, तेही ऐकून घेतलं. माझं चुकलं. मला माफ कर."